निवांत प्रवास वेळापत्रकात घडतो

सार्वजनिक वाहतुकीचा मोठा प्रकल्प मंजुरीला येतो तेव्हा एक हिशेब हमखास मांडला जातो. प्रत्येक प्रवाशाची किती मिनिटं वाचतील, रोज किती प्रवासी असतील आणि त्या वाचलेल्या वेळाचे पैशांत किती होतात. साठ हजार प्रवाशांचं प्रत्येकी एक मिनिट वाचलं की दिवसाला एक हजार तास जमेला धरले जातात. गाडीत बसून गेलेलं प्रत्येक मिनिट म्हणजे निव्वळ तोटा, हे यात गृहीतच असतं. पण खिडकीजवळ जागा आहे, गाडी हिसके देत नाही, आपला थांबा आला की घोषणा होणार आहे आणि कधी पोचू हे ठाऊक आहे, अशी वीस मिनिटं तोट्यात धरायला कुठलाही नेहमीचा प्रवासी तयार होणार नाही. अनेकांना दिवसभरात कुणाचं काही मागणं नाही असा तेवढाच वेळ मिळतो. त्याच माणसाला थांब्यावर बारा मिनिटं रस्त्याकडे डोळे लावून उभं केलं, तर मात्र त्यातलं एकेक मिनिट त्याला जड जातं.

म्हणून सार्वजनिक वाहतुकीचा पैसा गाडीचा कमाल वेग वाढवण्याआधी फेऱ्या वाढवण्यावर, त्या फेऱ्या ठरल्या अंतराने धावतील याची व्यवस्था लावण्यावर आणि गाडीच्या आतला प्रवास सुखाचा करण्यावर खर्च व्हावा, असं या लेखाचं म्हणणं आहे. प्रवासातला निवांतपणा हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग आहे असं समजलं जातं. प्रत्यक्षात तो वेळापत्रक आखणाऱ्याच्या टेबलावर, आगारात आणि चालकाच्या पायाखालच्या ब्रेकवर ठरतो.

आधी हे सुख नेमकं कशाचं, ते पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. चालवणाऱ्याची नजर दोन सेकंद ढळली तर ३३ मीटर रस्ता न बघताच मागे पडलेला असतो. त्यामुळे स्वतःची गाडी कितीही आरामशीर असली, तरी चालवणाऱ्याचं लक्ष बांधलेलंच राहतं. बस, ट्राम किंवा रेल्वेतल्या प्रवाशाचं लक्ष मोकळं असतं. तो वाचू शकतो, डुलकी काढू शकतो, काहीही न करता बसू शकतो. शहरातली बस बहुतेक ठिकाणी थांबे धरून ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या आसपास धावते, आणि या वेगाला दुकानाची पाटी वाचता येते, बांधकामाचा मजला कुठवर आला ते दिसतं, कोपऱ्यावरच्या झाडाला पालवी फुटल्याचं लक्षात येतं. अनोळखी माणसांच्या शेजारी, एक शब्द न बोलता, कुणाचंही दडपण न घेता बसून राहणं हेही शहरात दुसरीकडे सहसा जमत नाही. यातलं काहीही मनासारखं होण्यासाठी एकच अट आहे: गाडी कधी येईल आणि आपण कधी पोचू, ही काळजी डोक्यात नसावी.

वाहतूक नियोजनात थांब्यावरचं एक मिनिट गाडीतल्या साधारण दोन मिनिटांच्या बरोबरीचं धरायचा प्रघात जुना आहे. वाट पाहणं टळणार असेल, तर माणसं थोडा जास्त वेळ गाडीत बसायला राजी होतात, हे त्यामागचं कारण. दर वीस मिनिटांनी सुटणारी बस दर दहा मिनिटांनी सुटू लागली, की थांब्यावरचा सरासरी वेळ दहा मिनिटांवरून पाचवर येतो. प्रवाशाच्या लेखी ही पाच मिनिटं गाडीतल्या दहांइतकी आहेत. मार्गावरची दहा मिनिटं कापायची तर बोगदे आणि उड्डाणपूल लागतात. फेऱ्या दुप्पट करायला बस आणि चालक लागतात. तेही स्वस्त नाही आणि तो खर्च दरवर्षीचा असतो, पण त्यासाठी दहा वर्षं खोदकाम करावं लागत नाही. शिवाय फेऱ्यांमधलं अंतर दहा मिनिटांच्या आत आलं, की माणसं वेळापत्रक बघायचं सोडून देतात. घरातून निघतात आणि थांब्यावर जातात, एवढंच.

मात्र हे अंतर कागदावर दहा मिनिटांचं असून भागत नाही. तासाला सहा बस आहेत आणि त्या बरोबर दहा-दहा मिनिटांनी येतात, तेव्हा केव्हाही थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. आता त्याच सहा बस एकदा पंधरा आणि एकदा पाच मिनिटांच्या अंतराने येताहेत असं समजा. दर वीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटं मोठ्या फटीची, म्हणजे चारांतले तीन प्रवासी त्या फटीत सापडतात आणि सरासरी साडेसात मिनिटं थांबतात. उरलेला एक अडीच मिनिटं थांबतो. एकूण सरासरी सव्वासहा मिनिटं. दोन बस एकमेकींना चिकटूनच येऊ लागल्या तर फट वीस मिनिटांची होते आणि सरासरी दहा मिनिटांवर जाते. बस तेवढ्याच, चालक तेवढेच, इंधन तेवढंच, आणि प्रवाशाच्या पदरात पडते ती तासाला तीन बसची सेवा.

गर्दीचंही असंच आहे. पंधरा मिनिटांच्या फटीनंतर आलेली बस साठ माणसं उचलत असेल, तर तिच्यामागून पाच मिनिटांनी येणारी वीस उचलते. कार्यालयात नोंद होते ती बसमागे सरासरी चाळीस प्रवाशांची, आणि अहवालात लिहिलं जातं की या मार्गावर गर्दीचा प्रश्न नाही. त्या ऐंशी प्रवाशांना मात्र 'तुमच्या बसमध्ये किती जण होते?' असं एकेकट्याला विचारलं, तर उत्तरांची सरासरी पन्नास येते, कारण साठ जण भरलेल्या बसमध्ये होते. नियोजन करणारे बस मोजतात आणि प्रवासी आपला अनुभव सांगतात, म्हणून दोघांचं जमत नाही. दोघेही खरंच बोलत असतात.

बस अशा जोडीने का येतात, याचा दोष सहसा चालकाला दिला जातो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. एखादी बस सिग्नलला मिनिटभर जास्त अडकली, की पुढच्या थांब्यावर त्या मिनिटात आलेली जादा माणसं तिची वाट पाहत असतात. पुढच्या दाराने चढून तिकीट काढणाऱ्या किंवा दाखवणाऱ्या प्रत्येकामागे तीन-चार सेकंद जातात. पाच माणसं जास्त असली तर पंधरा-वीस सेकंद. तेवढ्यात त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी माणसं जमतात. मागच्या बसला उलट थांबे रिकामे मिळतात, ती भराभर पुढे सरकते आणि काही थांब्यांनंतर पहिलीच्या मागे येऊन उभी राहते. न्यूएल आणि पॉट्स या दोन अभ्यासकांनी १९६४ साली याचं गणित मांडलं. वेळापत्रकाप्रमाणे समान अंतराने सोडलेल्या बस आपल्या आपण समान अंतराने राहत नाहीत, अंतर जरा बिघडलं की ते बिघडतच जातं. ते राखण्यासाठी कुणीतरी सतत हात घालावा लागतो.

हात घालायच्या जागा ठाऊक आहेत. पहिली जागा दारं. तिकीट आधीच काढलेलं असेल आणि सगळ्या दारांनी चढता येत असेल, तर जादा माणसांमुळे होणारा उशीर कमी होतो आणि बिघाडाचं चक्र मंदावतं. ब्राझीलमधल्या कुरितीबा शहराने १९९१ मध्ये नळीच्या आकाराचे थांबे उभारले: तिकीट थांब्यात शिरतानाच काढायचं, आणि थांब्याची फरशी बसच्या फरशीच्या उंचीची. सॅन फ्रान्सिस्कोने २०१२ मध्ये आपल्या साऱ्या बसना सर्व दारांनी चढायची मुभा दिली. दुसरी जागा सिग्नल. उशिरा धावणाऱ्या बसला हिरवा दिवा जरा लांबवून द्यायचा, वेळेआधी आलेल्या बसला द्यायचा नाही. सगळ्याच बसना सरसकट दिला तर पुढे असलेली आणखी पुढे जाते. तिसरी जागा मार्गावरचे एक-दोन ठरलेले थांबे, जिथे पुढच्या बसच्या फार जवळ आलेली बस मिनिटभर थांबवून ठेवतात. यात बसमध्ये आधीच बसलेल्यांना चुळबुळ होते, म्हणून असा थांबा निवडताना जिथे बरेच जण उतरतात आणि बस हलकी होते तो निवडावा, आणि बस का थांबली आहे हे चालकाने एका वाक्यात सांगावं. न सांगता थांबलेली बस प्रवाशाला बिघडलेली वाटते.

सगळ्यांत मोलाची जागा मात्र शेवटच्या थांब्यावरची विश्रांती, आणि नेमकी तिलाच आधी कात्री लागते. समजा, जाऊन-येऊन ८० मिनिटं लागतात आणि दोन्ही टोकांना मिळून १० मिनिटांची सुट्टी आहे. एक चक्कर ९० मिनिटांची झाली. दर दहा मिनिटांनी बस हवी तर नऊ बस लागतील. कालांतराने रस्त्यावरची वाहनं वाढतात आणि ८० ची ९० मिनिटं होतात. सुट्टी राखायची तर चक्कर १०० मिनिटांची होते. आता दोनच प्रामाणिक पर्याय उरतात. एक तर दहावी बस घालायची, नाहीतर बस दर अकरा मिनिटांनी येईल असं जाहीर करायचं. बऱ्याच ठिकाणी तिसराच मार्ग धरला जातो: वेळापत्रक तसंच ठेवायचं आणि चालकाने ते गाठावं अशी अपेक्षा करायची. टोकाची १० मिनिटं रस्त्यातच खर्च होतात. मग एका फेरीचा उशीर पुढच्या फेरीत जातो, तिचा तिसरीत, आणि संध्याकाळपर्यंत वेळापत्रकाला काही अर्थ उरत नाही. चालकाला पाणी प्यायला, स्वच्छतागृहात जायला वेळ मिळत नाही. दिवसभर न उतरता, उशिरा असल्याचं ओझं घेऊन गाडी हाकणाऱ्या माणसाकडून सौम्य ब्रेकची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

वेगाचा खरा उपयोग इथे कळतो. बससाठी राखीव मार्गिका आखली आणि चक्कर १०० मिनिटांवरून पुन्हा ९० वर आली, तर दर दहा मिनिटांच्या फेऱ्यांसाठी दहाऐवजी नऊ बस पुरतात. दहावी बस मोकळी होते. ती त्याच मार्गावर ठेवली तर दर नऊ मिनिटांनी बस मिळते. वेग वाढवू नये असं म्हणणं अजिबात नाही. वाढलेल्या वेगातून सुटलेली बस खर्चकपातीत गेली की फेऱ्यांत परत आली, हे विचारलं पाहिजे.

वेग किती पुरेसा आहे याचा विचार स्वित्झर्लंडच्या रेल्वेने सर्वांत स्पष्टपणे केला आहे. तिथे १९८२ मध्ये देशभर ठरावीक तालाचं वेळापत्रक आलं: गाडी दर तासाला त्याच मिनिटाला. १९८७ मध्ये 'रेल्वे २०००' या योजनेला जनमताचा कौल मिळाला आणि २००४ च्या डिसेंबरात तिचा मोठा टप्पा सुरू झाला. मोठ्या स्थानकांवर चारी बाजूंच्या गाड्या तास पुरा व्हायच्या थोडं आधी पोचतात, प्रवासी गाडी बदलतात आणि तास झाल्यावर गाड्या थोड्या वेळाने सुटतात. यासाठी दोन स्थानकांमधला प्रवास तासाच्या जरा आत बसायला हवा. झुरिक ते बर्न हे अंतर त्यात बसत नव्हतं, म्हणून तिथे नवा रूळमार्ग टाकला. पण तो प्रवास आणखी दहा मिनिटांनी कमी केला असता, तर गाडी बदलणाऱ्याला ती दहा मिनिटं फलाटावर उभं राहून काढावी लागली असती. आवश्यक तेवढाच वेग, हे तत्त्व त्यांनी आधी ठरवलं आणि रूळ त्यानुसार टाकले. झुरिक शहराच्या मतदारांनी १९७३ मध्ये भुयारी मेट्रोचा प्रस्ताव फेटाळला होता, आणि पुढे त्या शहराने रस्त्यावरच्या ट्रामलाच सिग्नलवर आणि चौकांत वाट मोकळी करून दिली. ट्राम जमिनीवर राहिली, तिच्या खिडकीतून शहर दिसत राहिलं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. निवांत प्रवासाची भाषा सुस्थितीतल्या माणसाला शोभते. दोन ठिकाणी काम करून मुलाला शाळेतून आणायला धावणाऱ्या बाईला खिडकीतलं झाड दाखवून काय उपयोग? तिला लवकर पोचायचं आहे. हे खरंच आहे. पण तिचा वेळ नेमका कुठे जातो ते बघावं. तिचा प्रवास एरवी ३५ मिनिटांचा आहे आणि दहा दिवसांतून एकदा ६० मिनिटं लागतात. सरासरी निघते साडेसदतीस, आणि अहवालात तीच छापली जाते. पण उशीर झाला तर जिचा पगार कापला जातो, तिला रोज ६० मिनिटं हाताशी धरूनच निघावं लागतं. दहांतल्या नऊ दिवशी तिची २५ मिनिटं कामाच्या ठिकाणाबाहेर ताटकळण्यात जातात. प्रवास पाच मिनिटांनी लांबला, पण दर वेळी ४० मिनिटांचाच राहिला, तर ती वीस मिनिटं उशिरा निघू शकते. ज्याला उशीर परवडतो त्याला बेभरवशाची बस त्रासदायक असते. ज्याला परवडत नाही त्याच्या आयुष्यातून ती जवळजवळ रोज पंचवीस मिनिटं काढून घेते. निवांतपणा सर्वांत जास्त हवा आहे तो याच माणसांना.

आता गाडीच्या आत. उभा प्रवासी कांबीला हलका हात लावून असेल, तर दर सेकंदाला ताशी साडेतीन-चार किलोमीटरने वेग कमी-जास्त झालेला त्याला सोसतो. त्याच्या दुपटीने ब्रेक लागला की तोल जातो, आणि वयस्कर माणूस असेल तर तो पडतो. ताशी ४० किलोमीटरवरून सौम्यपणे थांबायला अकरा सेकंद लागतात, कचकन थांबायला साडेपाच. पण कचकन थांबणारी बस तेवढा रस्ता आधी पूर्ण वेगात कापते हे धरलं, तर दर थांब्यामागे खरी बचत होते तीन सेकंदांहूनही कमी. तीस थांब्यांच्या मार्गावर दीड मिनिटाच्या आत. वेळापत्रकात एवढं दीड मिनिट घातलं की सगळ्या बसमधले हिसके जाऊ शकतात. कसलेला चालक आणखी एक गोष्ट करतो. बस थांबायच्या शेवटच्या मीटरभरात तो ब्रेकवरचा दाब किंचित सैल करतो. दाब तसाच ठेवला तर गाडी थांबताक्षणी पुढे वाकून मागे येते आणि उभी माणसं एकमेकांवर आदळतात. सैल केला तर बस कधी थांबली ते कळतही नाही. हे प्रशिक्षणात शिकवता येतं. पण वेळापत्रक गळ्याशी आलेल्या चालकाला ते शिकवून काही साधत नाही.

खिडक्यांचंही बोललं पाहिजे. बसच्या काचांवर जाहिरातीचं जाळीदार आवरण चिकटवलं जातं. दिवसा आतून करडं, धुरकट दिसतं. पावसात त्या बारीक भोकांत पाणी अडकतं आणि बाहेरचं जवळजवळ दिसेनासं होतं. संध्याकाळी आपला थांबा आला की नाही हे ओळखायला माणसं उठून दारापाशी येतात आणि वाट अडवतात. उत्पन्न हवं तर जाहिरात पत्र्यावर लावावी. काच प्रवाशासाठी मोकळी सोडावी. तसंच आवाजाचं: पुढच्या थांब्याची स्पष्ट घोषणा असेल तर माणूस निर्धास्त डोळे मिटू शकतो. त्याच ध्वनिक्षेपकावरून सतत जाहिराती वाजल्या की तो घोषणा ऐकायचंही सोडून देतो.

प्रवाशाच्या हातातही थोडं आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या जागांवर धक्के कमी बसतात. मागच्या चाकांच्याही मागे असलेला भाग सर्वांत जास्त उसळतो आणि वळणावर झोकांडतो. ज्यांना मळमळतं त्यांनी गाडीच्या दिशेला तोंड करून, दूरवर नजर ठेवून बसावं आणि वाचन टाळावं. पानावर खिळलेले डोळे स्थिर असल्याचं सांगतात, कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय हलत असल्याचं सांगतं, आणि या विसंगतीतून मळमळ होते. थांब्यावरच्या येणाऱ्या बस दाखवणाऱ्या फलकावर दोन बस दोन-तीन मिनिटांच्या अंतराने दिसत असतील आणि पहिली भरलेली असेल, तर दुसरीची वाट पाहावी. बसायला जागा मिळण्याची शक्यता बरीच असते, आणि पहिली बस थांब्यावर जास्त वेळ अडकत नाही, म्हणजे इतरांचंही भलं होतं. फक्त दुसरीची पाटी वाचावी, कारण जोडीतली मागची बस कधीकधी अर्ध्या मार्गावरून परत फिरवतात. आणि फलकावरची वेळ प्रत्यक्ष बसवरून घेतलेली आहे की वेळापत्रकातून उचललेली, हे ओळखायला शिकावं. रद्द झालेली फेरीसुद्धा दुसऱ्या प्रकारच्या फलकावर 'पाच मिनिटांत' येत राहते.

पण प्रवाशाने असं किती सांभाळून घ्यायचं? बससेवा कंत्राटाने चालवायला दिली जाते तेव्हा मोबदला अनेकदा किलोमीटरवर ठरतो. एकमेकींना चिकटून धावलेल्या दोन बसचे किलोमीटर समान अंतराने धावलेल्या दोन बसइतकेच भरतात, आणि पैसेही तितकेच मिळतात. लंडनच्या बस कंत्राटांत वारंवार धावणाऱ्या मार्गांसाठी वेगळं माप वापरतात: प्रवाशाला प्रत्यक्षात सरासरी किती थांबावं लागलं, त्यातून वेळापत्रकाप्रमाणे किती थांबावं लागलं असतं ते वजा करायचं. वरच्या उदाहरणात सव्वासहातून पाच वजा जाऊन सव्वा मिनिट उरतं, आणि चिकटलेल्या जोडीच्या बाबतीत पूर्ण पाच मिनिटं. हा आकडा वाढला की कंत्राटदाराचे पैसे कापले जातात, कमी झाला की जास्त मिळतात. बसमध्ये स्थान दाखवणारं उपकरण असेल, तर ही वजाबाकी करायला लागणारी सगळी माहिती रोज आपोआप जमा होतच असते. ती मार्गवार दर महिन्याला प्रसिद्ध करावी, आणि कंत्राटाच्या पुढच्या नूतनीकरणात मोबदल्याचा एक भाग तिच्याशी बांधावा.